उद्याचं इंग्रजी

पुस ११

जुद्ध सरांचा हुकूम आहे, रोज वही लिहायची. इंग्रजीत. विषय एकच: उद्या काय करणार. काल तीन ओळी लिहिल्या आणि या कडाक्याच्या थंडीत मला घाम फुटला. म्हणून सरांना दाखवायची वही वेगळी आणि ही वेगळी. इथे मी माझ्या भाषेत लिहीन, मनात येईल ते आणि हवं तेवढं.

सर म्हणतात, वहीची सुरुवात स्वतःची ओळख देऊन करावी. तर मी जसमाया पुन, वय एकोणचाळीस. नेपाळात तातोपानीच्या वर, फूलबोट गावात माझा सहा खोल्यांचा लॉज आहे. तो उभा राहिला नवऱ्याच्या कतारच्या नोकरीतून, पण चालवते मी. एकच मुलगी, ती पोखऱ्यात शिकते. नवरा, म्हणजे आमचा बुढा, तेजबहादूर, वय बेचाळीस. तिकडे बारा वर्षं कामगारांच्या छावणीत स्वयंपाकी आहे, रोज चारशे माणसांना रांधतो. परवाच चाळीस दिवसांच्या सुट्टीवर आलाय. माघ २० ला परत निघणार.

इंग्रजीची ही उठाठेव कशासाठी, तेही लिहून ठेवते. पोखऱ्याची एक ट्रेकिंग कंपनी फागुनपासून आपले गट माझ्याकडे उतरवायला तयार आहे. त्यांच्या दोन अटी आहेत. लॉजवर इंग्रजीत नीट बोलणारं माणूस हवं, आणि पाहुण्यांच्या पोटाला सोसेल असं रांधणारा आचारी हवा. पहिली अट मी अंगावर घेतलीय. दुसरीसाठी खाली बेनीच्या बाजारात निरोप धाडलाय, कुणी आचारी मिळतो का बघा म्हणून. गट आले तर लॉज आपल्या पायावर उभा राहील. नाही आले तर आहे तेच चालू, बुढा तिकडे आणि मी इकडे.

पुस १४

आज खरा क्लास झाला. शाळेच्या अंगणात, उन्हात, आम्ही चार लॉजवाल्या बायका आणि समोर जुद्ध सर. बावीस वर्षं ब्रिटिशांच्या पलटणीत होते, मिशीचा पीळ अजून उतरलेला नाही. आम्हाला आधी रांगेत उभं केलं, मग बसवलं.

"पाहुणा मागचं काही विचारत नाही," सर म्हणाले. "तो विचारणार, गरम पाणी कधी येईल, उद्या बर्फ पडेल का, नाश्ता किती वाजता. सगळं पुढचं. म्हणून आपण पुढचंच शिकायचं. पुढचं चार तऱ्हेचं असतं. एक, कागदावर छापलेलं. गाडी सहाला सुटते, ती तुमच्या-माझ्यासाठी थांबत नाही. दोन, सगळ्यांना सांगून, बांधाबांध करून ठरलेलं. तीन, मनात पक्कं केलेलं, पण अजून मनातच असलेलं. चौथं, आत्ता तोंडाला आलं आणि बोललो ते. वचन, अंदाज, सगळं त्यात."

प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. फळ्यावर चार रकाने काढले. आम्ही वह्यांत उतरवून घेत होतो.

माझ्या समोरच्या घरची सुनकेसरी दिदी गप्प बसणारी नव्हे. "सर, माझा नवरा पाच वर्षं म्हणतोय, उद्या गोठ्याचं दार बसवतो. ते कितवं?"

"ते भविष्य नाही, दिदी," सर म्हणाले. "ती अफवा आहे."

घरचा अभ्यास असा: आपल्या घरात पुढे नक्की घडणार अशी एक गोष्ट शोधायची, तिच्यावर वाक्यं करायची आणि रोज सकाळी मोठ्याने दहा-दहा वेळा म्हणायची.

पुस १५

नक्की घडणार असं घरात काय आहे ते काल क्लासहून आल्यापासून शोधलं. म्हैस कधी विणार, नक्की नाही. पाहुणे येतील का, नक्की नाही. पोरीचा निकाल तर मुळीच नक्की नाही. पक्कं एकच, बुढ्याचं तिकीट. मग सकाळी चुलीपाशी उभी राहून खणखणीत आवाजात सुरू केलं. माय हजबंड इज लीव्हिंग ऑन द ट्वेंटिएथ. माय हजबंड इज गोइंग टू वर्क इन कतार. आय विल रन द लॉज. प्रत्येक वाक्य दहा वेळा.

बुढा शेजारी चहा पीत होता. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येतं, तिकडे सगळ्या देशांची माणसं आहेत ना. मला वाटलं, वाहवा करील. तो पेला अर्धा ठेवून बाहेर निघून गेला. चहात साखर कमी पडली असावी.

पुस १९

हा माणूस सुट्टीवर आलाय की कामावर? आल्यापासून एक घटका बसलेला नाही. चार नंबरच्या खोलीची गळती काढली, नळाला सुतळी गुंडाळली, सुनकेसरी दिदीच्या गोठ्याचं दारसुद्धा बसवून दिलं. तिथे करमत असणार, इथे करमत नाही, म्हणून हात चालवत राहतो. दुसरं काय.

आज मागच्या बांधावर नऊ खड्डे खणले आणि सुंतल्याची, म्हणजे संत्र्याची, नऊ रोपं लावली. मी म्हटलं, "फळ धरायला पाच वर्षं लागतात. तोवर पाणी कोण घालणार? मीच ना?"

"बघू," म्हणाला.

माझी तार सटकलीच. जाणारा माणूस मागे राहणाऱ्याच्या डोक्यावर नऊ रोपं ठेवून जातो, आणि वर बघू म्हणतो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरून डाळीत मीठ घालत होता. त्याला बाहेर काढलं. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला रांधायला लावते, असं गावभर व्हायला नको. शिवाय माझी डाळ बिघडली.

पुस २६

बुढ्याने आज स्वतःहून विचारलं, "इंग्रजी बरं चाललंय का?"

"झकास."

"पण वाक्यं तीच?"

"पाठ होईपर्यंत तीच. सरांचा नियम आहे."

"दुसरं काही नाही सापडत, पक्कं?"

"दुसरं काय पक्कं असतं या घरात?" मी म्हटलं.

तो लाकडं फोडायला गेला. फोडली इतकी की चैतापर्यंत पुरतील.

क्लासमध्ये माझी तीन वाक्यं सर्वांत सफाईची ठरली. सरांनी सलाम ठोकला. घरी येऊन बुढ्याला सांगितलं तर म्हणतो, "रोजचा सराव आहे तुला." त्याला माझं शिकणं टोचतंय की काय? पुरुषांना टोचतं, ऐकलंय मी.

माघ १

संक्रांत. तरुलाचे कंद उकडले, तूप आणि आटवलेल्या गुळाचा चाकू झाला, पोखऱ्याहून पोरगी आली. दुपारी माळावर तिरंदाजी होती. सहा वर्षांनी बुढा माघीला गावात होता आणि त्याचा बाण पहिल्या फेरीत निशाण्यावर बसला. माणसं ओरडली, मी पण ओरडले.

म्हातारे मुखिया म्हणाले, "तेजे, पुढच्या माघीला पण हाच हात पाहिजे हं."

बुढ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगावं म्हणून बघतोय असं वाटून मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर एका दमात इंग्रजीत सांगितलं, पुढच्या वर्षी हे कतारमध्ये असतील. जुद्ध सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. एवढ्या लोकांत मी पहिल्यांदा इंग्रजी बोलले. कान गरम झाले होते आनंदाने.

दुसऱ्या फेरीत बुढ्याचा बाण कुठल्या कुठे गेला. पोरगी रात्री म्हणाली, "आई, तू जरा गप्प बसायला शिक." हिला आईचं कौतुक नाही.

माघ ५

पंडित बाजेंकडे साइत, म्हणजे निघायचा मुहूर्त, काढायला गेले. बाजेंनी पत्रा, म्हणजे त्यांचं पंचांग, उलगडला, बोटं मोजली. वीस तारीख प्रवासाला वाईट. पंधरा, सोळा, अठरा, सगळ्या वाईट. बरी साइत एकच, आठ तारखेला सकाळी सव्वानऊ.

"विमान वीसचं आहे, बाजे."

"मग माणूस वीसला जाऊ दे. सामान आठला बाहेर काढ. गेल्यासारखंच."

हे काही नवीन नाही. दर वेळी असंच करतो. सामान साइतीला उंबरा ओलांडून शेजारच्या घरी जाऊन बसतं, आणि एकदा बाहेर पडलं की माणूस गाव सोडेपर्यंत ते घरात परत आणायचं नाही.

माघ ८

सकाळी लवकर उठून बॅग भरली. काही राहायला नको म्हणून सगळं आठवणीने घातलं. दाराच्या दोन बाजूंना पाण्याने भरलेले कलश ठेवले, दही आणि टिका तयार केला.

बुढा आंघोळ करून आला आणि बॅगेकडे बघतच राहिला. "अजून बारा दिवस आहेत."

"साइत काय बारा दिवस थांबणार आहे?"

"इतकी घाई?"

"घाई मला नाही, ग्रहांना आहे," मी म्हटलं आणि त्याच्या कपाळाला टिका लावला.

बरोबर सव्वानऊला बॅग समोर सुनकेसरी दिदीच्या ओट्यावर पोचली. मला हायसं वाटलं. सगळं रीतीने झालं की बायकोचं काम झालं. बुढा दुपारी जेवला नाही. म्हणाला, पोट जड आहे.

माझंही जेवण गेलं नाही. बॅग गेली की घर रिकामं वाटतं, माणूस अजून घरात असला तरी. दर वेळी असंच होतं, सवय काही होत नाही. पण हे बोलून दाखवलं तर जाणाऱ्याचा पाय जड होतो, म्हणून मी बोलत नाही.

माघ १०

फजिती. बुढ्याचा जाड स्वेटर आणि लोकरीची टोपी, दोन्ही मी बॅगेत भरले. बाहेर हाडं गोठवणारं वारं सुटलंय. बॅग तर आत आणायची नाही. मग बुढा समोर जातो, दिदीच्या ओट्यावर बसून स्वेटर चढवतो, टोपी घालतो, ऊब आली की दोन्ही काढून परत बॅगेत ठेवतो आणि कुडकुडत घरी येतो. दिवसातून तीनदा. अख्खं गाव बघायला जमतं.

क्लासमध्ये दिदीने विचारलंच. "सर, ज्याची बॅग गेलीय पण तो स्वतः गेलेला नाही, त्याचं इंग्रजी काय?"

सरांनी मिशी चोळली. खूप विचार केला. "निम्मी पलटण निघाली, निम्मी छावणीत," म्हणाले. "याचं इंग्रजी मला इंग्रजांनीही शिकवलं नाही."

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना वाटेत दिदीने माझा हात धरला. "जसमाया, तो स्वेटर घालून माझ्या ओट्यावर बसतो ना, तेव्हा सारखा तुझ्या दाराकडे बघतो. मला नाही वाटत त्याला नुसती थंडी वाजते."

"तुझी थट्टा पुरे," मी म्हटलं. दिदीला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

माघ १३

बेनीहून निरोप आला, आचारी मिळत नाही. सगळे चांगले आचारी परदेशात गेलेत. इंग्रजीचं मी बघून घेईन, पण हे कसं निभावणार? कंपनीला पंधरा दिवसांत कळवायचंय. बुढ्याला सांगितलं तर तो स्वयंपाकघराकडे बघायला लागला. म्हटलं, "तुम्ही नका डोकं शिणवू. तुम्ही आता जाणार." तर उठून रोपांना पाणी घालायला गेला. भर थंडीत.

माघ १५

आज पाहुणे. हिवाळ्यात कोण येतं? पण दोन म्हातारे, नवरा-बायको, काठ्या टेकत वर आले. त्याचा गुडघा सुजलेला, तिचं पोट बिघडलेलं. आणि मी बोलले! गरम पाणी चारला येईल. उद्या वारं सुटेल. जेवण सातला असतं. एकदाही अडले नाही. सर असते तर सलाम ठोकला असता.

जेवणाचं मात्र फसलं. माझा डाळभात बाईंनी दोन घास खाऊन सारला. मी हिरमुसले. तेवढ्यात बुढा काही न विचारता आत शिरला, बटाटा आणि आलं घालून पातळसं काहीतरी केलं, वर भाजलेल्या पावाचे तुकडे. बाईंनी वाटी पुसून खाल्ली आणि आणखी मागितलं. मला राग यावा की आनंद व्हावा कळेना. माझी कढई मात्र काळी केली त्याने.

माघ १६

रात्र फार झालीय, पण हे आजच लिहायचं.

सकाळी पाहुणे अंगणात उन्हाला बसले होते. बुढा त्यांच्या शेजारी पायरीवर लसूण सोलत होता. मी खिडकीच्या आत भांडी पुसत होते आणि सगळं कळतंय याचा मनात तोरा मिरवत होते. बाई म्हणाल्या, तुमच्या हाताला चव आहे, पुढच्या वर्षी आम्ही मैत्रिणींना घेऊन येऊ, तुम्ही इथेच असाल ना?

"नो मॅडम," बुढा म्हणाला. "आय गो कतार."

बाईंनी विचारलं, तुम्हाला जायचंय का?

साधा प्रश्न. मला चार तऱ्हेचं पुढचं येतं, पण हा प्रश्न मी त्याला बारा वर्षांत एकदाही विचारलेला नाही.

बुढ्याने लसणाची पाकळी सोलून ताटात टाकली. "माय वाइफ वॉन्ट. एव्हरी मॉर्निंग शी से. टेन टाइम."

मला आधी हसू आलं. किती मोडकं इंग्रजी, म्हटलं. मग हातातला डाव हातातच राहिला. रोज सकाळी, चुलीपाशी, खणखणीत आवाजात, दहा-दहा वेळा मी माझ्या नवऱ्याला घराबाहेर काढत होते. माघीला सगळ्या गावासमोर काढलं. त्याची बॅग बारा दिवस आधी काढली. आणि वर टाळ्या घेतल्या.

तो न बसता राबत होता, ते इथे राहायचं म्हणून. ती नऊ रोपं इथे राहायचं म्हणून. आणि घरात आचारी असताना मी बेनीला आचारी शोधत होते! जुद्ध सरांनी मला गाढव म्हटलं तर मी हो म्हणेन.

हातातली भांडी टाकली आणि चप्पल न घालता समोर गेले.

"दिदी, बॅग दे."

"वेडी झालीस? साइत मोडेल. बाजे काय म्हणतील?"

"साइत बाहेर जायची होती. आत यायला साइत लागते असं बाजेंच्या कुठल्या पत्र्यात लिहिलंय?"

दिदीने स्वतः बॅग उचलून माझ्या पाठीवर ठेवली, नाम्लो, म्हणजे ओझ्याचा पट्टा, कपाळाला लावून दिला आणि म्हणाली, "जा. बाजेंना मी सांभाळते. त्यांना चहा पाजला की बोलत नाहीत."

भर दिवसा, पाहुणे बघताहेत, गाव बघतंय, आणि मी बॅग पाठीवर घेऊन आमच्या दारात. बुढा उभा राहिला. लसूण खाली सांडला.

"हे काय?"

"तुमचा स्वेटर. घाला. घरात घाला."

"अजून चार दिवस..."

"मला पाठ करायला एक पक्की गोष्ट हवी होती हो," मी म्हटलं. "तुम्ही जावं म्हणून नव्हते म्हणत. देवाशपथ नाही."

त्याने माझ्या पाठीवरची बॅग उतरवून घेतली. मग म्हणाला, "मला वाटलं, मी घरात नकोसा झालोय. तुझं सगळं माझ्यावाचून चालतं."

"आणि मला वाटलं, तुम्हाला इथे करमत नाही. एक घटका बसला नाहीत."

"बसलो असतो तर पाहुण्यासारखं वागवलं असतंस. स्वयंपाकघरातून तर हाकललंसच."

मी रडले. लिहायला लाज कसली? तोही डोळे पुसत होता, म्हणतो लसूण झोंबला.

"पोरीच्या शिक्षणाचं काय?" त्याने विचारलं.

"गट आले तर निभेल. नाही आले तर दोघं मिळून काहीतरी बघू. एकटीने बघून मी दमले."

"पण आचारी तर बेनीला मिळाला नाही ना?"

"मिळाला. चारशे माणसांचं रांधतो. डाळीत मीठ जास्त घालतो, तेवढं मी बघीन."

तो हसला. माघीला बाण निशाण्यावर बसला होता तेव्हासुद्धा असा हसला नव्हता. म्हणाला, "उद्या कंपनीला फोन करतो."

"उद्या नाही. नवऱ्यांच्या उद्याचं काय होतं ते मला माहीत आहे. आत्ता."

फोनला रेंज फक्त छपरावर येते. दोघं शिडीने वर गेलो. त्याने फोन मोठ्याने बोलणारा केला. पलीकडे त्याचा साहेब, घाईतला. तेज, कधी पोचतोस, गाडी पाठवायची आहे. बुढा "सर, सर" करत अडखळला. बारा वर्षं "येस सर" म्हणणाऱ्याला दुसरं काही येणार कसं? मी फोन काढून घेतला. बोटांवर मोजलं नाही, रकाने आठवले नाहीत.

"ही इज नॉट कमिंग," मी म्हटलं.

"हू इज धिस?"

"हिज वाइफ."

साहेबाने विचारलं, "व्हाय?"

का, हे जुद्ध सरांनी अजून शिकवलेलं नाही. मी फोन बुढ्याच्या हातात दिला. "हे तुम्ही सांगा."

बुढ्याने घसा साफ केला. माझ्याकडे बघितलं. आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, माय वाइफ नीड मी."

वाक्यात काहीतरी चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.